परमुलुखाचे सुख कोणत्या मापाने मोजावे?



वसंत व्याख्यानमालेत उभे राहणाऱ्या वक्त्याने प्रथम वऱ्हाडच्या उन्हाची तक्रार करावी असा प्रघात पडून गेला आहे. मी ती करीत नाही. दिवस मावळला आहे, आपण सतरंजीवर ऐसपैस बसला आहात, कोपऱ्यात पाण्याचे माठ भरून ठेवले आहेत आणि पश्चिमेकडून थोडीशी झुळूकही येत आहे. याहून अधिक सुख या घटकेला मला तरी सुचत नाही. परंतु एखादा नॉर्वेकर प्रवासी आज आपल्यात येऊन बसला असता, तर रात्री आपल्या वहीत त्याने काय लिहिले असते? "कामरगाव येथील लोकांपाशी खुर्च्या नाहीत. ते जमिनीवर बसतात. पाणी मातीच्या भांड्यातून पितात." यातील एकही वाक्य खोटे म्हणता येणार नाही, आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात उभे राहणारे चित्र साफ चुकीचे असेल.

हा विषय मी निवडला त्याला एक निमित्त घडले. याच परिसरातील एक शेतकरी गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. त्यांच्या साडूचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीला आहे. दिवाळीत तो येऊन गेला आणि जाताना तिकडच्या राहणीचे असे वर्णन करून गेला, की यांच्या घरात तेव्हापासून दुसरा विषयच नाही. गृहस्थ मला म्हणाले, "सर, तिकडे भांडे घासाले मशीन आहे म्हन्तात. चोवीस तास गरम पानी. मंग आता वावर इकून पोराले धाडू, का नोको धाडू?" चार एकरांपैकी दोन एकर विकण्याचा प्रश्न होता. आजन्म अर्थशास्त्र शिकवूनही मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण प्रश्न मुळात मशीनचा नव्हता. एका माणसाने पाहिलेल्या सुखावर दुसऱ्या माणसाने आपली जमीन टाकावी काय, असा तो प्रश्न होता.

प्रवासी परमुलुखाची राहणी कशी जोखतो, हे पाहायचे तर बाबराइतका चांगला साक्षीदार मिळणे कठीण. 1526 साली पानिपत जिंकून तो हिंदुस्थानचा धनी झाला आणि या नव्या मिळकतीविषयी त्याने आपल्या आत्मवृत्तात काय लिहिले? येथे चांगले घोडे नाहीत, चांगले कुत्रे नाहीत, द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, बाजारात चांगली रोटी मिळत नाही, हमामखाने नाहीत, मेणबत्त्या नाहीत. ही यादी नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते, की यात हिंदुस्थान फारच थोडा आहे. आहे ते फरगाणा, समरकंद आणि काबूल. माणूस घर सोडून निघाला की त्याच्या पडशीत घरच्या सुखांची एक अदृश्य यादी असते. नव्या मुलुखात तो तीच यादी काढून बसतो आणि जे जे तिच्यात असून समोर नाही, त्याच्यापुढे फुली मारीत जातो. जे समोर आहे पण यादीत नाही, ते त्याला दिसतच नाही. मात्र बाबर खरा डोळस होता. फुल्या मारून झाल्यावर त्याने हेही लिहिले, की हा देश मोठा आहे, येथे सोनेनाणे उदंड आहे, पावसाळ्यातली हवा सुरेख असते आणि प्रत्येक कामाला असंख्य कारागीर मिळतात. हे शेवटचे वाक्य आपण लक्षात ठेवू. पुढे ते कामी येणार आहे.

बाबरानंतर सव्वाशे वर्षांनी फ्रान्सवा बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य दिल्लीत राहत होता. औरंगजेबाच्या अमदानीचा आरंभ त्याने डोळ्यांनी पाहिला. 1663 साली दिल्लीहून मायदेशी धाडलेल्या एका लांबलचक पत्रात त्याने या विषयातील शहाणपणाची गोष्ट लिहून ठेवली आहे. युरोपातून आलेले लोक दिल्लीची घरे पाहून नाके मुरडतात, याचा त्याला राग येई. त्याचे म्हणणे असे, की येथे उकाडा इतका, की खुद्द बादशहासुद्धा पायमोजे घालीत नाही आणि उन्हाळ्यात लोक अंगणात किंवा गच्चीवर झोपतात. पॅरिस, लंडन किंवा ॲमस्टरडॅम येथे जे घर सोयीचे, ते येथे गैरसोयीचे. ती शहरे उचलून येथे आणून ठेवली तर त्यांचा बराचसा भाग पाडून नव्याने बांधावा लागेल. घर चांगले की वाईट हे पॅरिसला विचारायचे नसून उन्हाला विचारायचे आहे, असा त्याचा आशय. सिमेंटचे सपाट छत घालून मे महिन्यात त्याखाली भाजून निघणाऱ्या, आणि जुन्या धाब्याच्या घराला मागासलेपण समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी बर्निएचे ते पत्र एकदा वाचण्याजोगे आहे.

पण हाच बर्निए पुढे असेही लिहितो, की दिल्लीत मधल्या स्थितीचा माणूस नाही. एक तर अतिश्रीमंत असावे, नाही तर हालात दिवस काढावेत. म्हणजे हवामानाची सूट देऊन झाल्यावरही काही उरते, आणि ते दारिद्र्य असते. 'त्यांची रीतच तशी' असे म्हणून सगळेच झाकता येत नाही. पेल्सार्ट नावाचा एक डच व्यापारी बर्निएच्या आधी, 1620 नंतरच्या सहा-सात वर्षांत आग्र्यास राहून गेला. मजुरांच्या घरांविषयी तो सांगतो: मातीच्या भिंती, वर गवताचे छप्पर, सामान म्हणजे पाण्याची व स्वयंपाकाची मडकी आणि दोन खाटा. पांघरुणे तुटपुंजी, उन्हाळ्यात ती पुरतात, पण कडाक्याच्या थंडीत गोवऱ्यांच्या जाळावर ऊब घ्यावी लागते. पेल्सार्टचे मोठेपण या एका तपशिलात आहे. पांघरूण कमी आहे एवढेच पाहून तो थांबला नाही. ते कोणत्या ऋतूत पुरते आणि कोणत्या ऋतूत पुरत नाही, हे त्याने पाहिले. उन्हाळ्यात आलेल्या प्रवाशाला तो मजूर साध्या राहणीचा वाटला असता. पौषात आलेल्याला तो कुडकुडताना दिसला असता. माणूस तोच.

आता जरा घरी येऊ. आपल्या तालुक्याचे गाव कारंजा हे एके काळी केवढे नांदते होते, हे आपण अभिमानाने सांगतो. 1670 साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ते लुटले, तेव्हा कापड, सोने आणि चांदी मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल व गाढवांवर लादून नेला, असे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लिहिले आहे. गावची संपत्ती मोजण्याची ही रीत कोणत्याही प्रवासवर्णनापेक्षा चोख म्हणायला हरकत नाही! तथापि ती संपत्ती किती घरांत होती, हे ते चार हजार बैल सांगत नाहीत. पेठेत उभा राहणारा प्रवासी वाडे पाहतो. वाड्यात पाणी भरणाऱ्याच्या झोपडीपर्यंत त्याला कोणी नेत नाही.

याहून जवळचे उदाहरण आपल्या कापसाचे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळल्या. भाव असे चढले, की कोठे कोठे नांगराला चांदीचा फाळ आणि गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसविल्याचे उल्लेख त्या काळच्या लिखाणात येतात. त्या वर्षी या बाजूने गेलेल्या साहेबाने 'येथील रयत सुखी आहे' असे लिहिले असेल, तर त्यात नवल नाही. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र जागेवर राहिले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत याच वऱ्हाडची माणसे अन्नाला महाग होऊन मेली. चांदी दिसते, सावकाराच्या वहीतला आकडा दिसत नाही. आजही न्यू जर्सीतल्या घरापुढे उभी असलेली मोटार फोटोत दिसते, तिचा हप्ता फोटोत येत नाही. त्या साडूच्या मुलाला मी खोटा म्हणत नाही. त्याने फोटोच दाखवला, दुसरे काय दाखवणार?

न्यू जर्सीचे नाव निघाले म्हणून सांगतो. मराठी मुलखाचा आणि त्या राज्याचा संबंध आजचा नव्हे. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघालेल्या आनंदीबाई जोशी जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या, त्या याच राज्यातील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात शिकून 11 मार्च 1886 रोजी त्यांनी पदवी घेतली. अमेरिका तेव्हाही संपन्न देश होता. परंतु आनंदीबाईंना राहायला मिळालेल्या जागेतली आगोटी नीट बांधलेली नव्हती. थंडी सोसावी किंवा धूर सोसावा, एवढीच काय ती निवड. अंगावर लुगडे, खाणे शाकाहारी, प्रकृती तोळामासा. संपन्न देशात राहणारा प्रत्येक माणूस त्या संपन्नतेत राहतो असे नाही. परका माणूस तर पुष्कळदा तिच्या उंबऱ्यावर राहतो. आनंदीबाई 1886 च्या अखेरीस परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस.

त्यांच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या त्या पंडिता रमाबाई. तिकडे त्या अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या, आणि 1889 साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. नावाची रचना पाहा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त! आपली बोट कोठे डुलली आणि आपल्याला काय खावे लागले, हे सांगण्यापेक्षा त्या देशातले लोक कसे राहतात, कसे शिकतात, राज्य कसे चालते, बायकांना कोणते उद्योग मोकळे आहेत, याचा शोध बाईंना महत्त्वाचा वाटला. शाळा पाहिल्या, संस्था पाहिल्या, माहिती गोळा केली. अमेरिकेचे त्यांनी मनापासून कौतुक केले आणि त्याच लेखणीने काळ्या वर्णाच्या लोकांना व मूळच्या रहिवाशांना तेथे मिळणाऱ्या वागणुकीवर कोरडेही ओढले. विलायती सुखसोयींची दिपून गेलेली वर्णने त्यानंतर मराठीत पुष्कळ झाली, चुरचुरीत विनोदाचीही झाली. परंतु देशाची राहणी जोखावी कशी, हे शिकायचे तर मी अजूनही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या बाईंकडे बोट दाखवीन.

आता भांड्याच्या मशीनकडे वळू. बाबराचे ते वाक्य आठवा: हिंदुस्थानात प्रत्येक कामाला असंख्य कारागीर मिळतात. अमेरिकेत घरोघरी भांडी धुण्याचे यंत्र आहे, ते तेथील लोक श्रीमंत आहेत म्हणून तर आहेच. पण भांडी घासायला माणूस ठेवणे त्यांना परवडत नाही, म्हणूनही आहे. आपल्याकडे कारंजा किंवा अमरावतीतला मध्यम पगाराचा माणूस घरकामाला बाई लावू शकतो. मुलाकडे सहा महिने राहून आलेले आईवडील म्हणूनच एका दमात दोन गोष्टी सांगतात: "तिकडे फार सुख आहे" आणि "तिकडे सगळे हातांनी करावे लागते." दोन्ही खरे. पण आपल्याकडच्या या सुखाची किंमत कोण भरते, तेही विचारले पाहिजे. जिची मजुरी स्वस्त आहे म्हणून माझे घर सुखी, तिच्या घरी भांडी कोण घासते? देशाचे राहणीमान मोजताना तिचेही घर मोजावे लागते. मला मिळणारी सोय ही तिची ओढग्रस्त असेल, तर प्रवाशाने त्या सोयीला देशाचे सुख म्हणून कसे चालेल?

दुसरा घोटाळा पैशाचा. तिकडून आलेला माणूस पगार डॉलरमध्ये सांगतो, आपण त्याला चालू दराने गुणतो आणि डोळे फिरतात. उलट तिकडे गेलेले आईवडील चहाच्या पेल्याला गुणतात आणि चहा सोडून देतात. दोन्ही गुणाकार चुकीचे. कापूस, सोने किंवा खनिज तेल देशोदेशी हलते, म्हणून त्यांचे भाव जगभर जवळजवळ येतात. पण न्हाव्याची खुर्ची बोटीत घालून नेता येत नाही. कामरगावचा न्हावी आणि न्यू जर्सीचा न्हावी सारख्याच वेळात सारखेच केस कापतात. तरी तिकडचा कितीतरी पट दाम घेतो. कारण त्याने केस कापणे सोडून कारखान्यात जाऊ नये, इतकी मजुरी त्याला सुटावी लागते. म्हणून गरीब देशात अशा सेवा स्वस्त असतात, आणि बाजारातल्या हुंडणावळीच्या दराने पाहिले तर गरीब देश आहे त्याहून अधिक गरीब दिसतो.

हा दोष काढण्यासाठी 1968 साली संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून एक काम हाती घेतले. (हे विद्यापीठही फिलाडेल्फियातच, योगायोग म्हणा.) देशोदेशींचे भाव गोळा करून, सारख्या वस्तू व सारख्या सेवा विकत घ्यायला कोणत्या देशात किती पैसे लागतात, हे काढायचे. पहिल्या दहा देशांत भारत होता. याला क्रयशक्तीचे परिमाण म्हणतात. 2017 सालच्या मोजणीत असे निघाले, की बाजारात एका डॉलरला सरासरी 65 रुपये 12 पैसे पडत होते. परंतु अमेरिकेत एक डॉलर जेवढे विकत घेतो, तेवढे भारतात 20 रुपये 65 पैशांत येत होते.

यावरून त्या शेतकरी गृहस्थांना मी एक हिशेब मांडून दाखवला, तो आपणासही सांगतो. समजा मुलाला महिना 4000 डॉलर हाती पडतात. गाव म्हणते, दोन लाख साठ हजार रुपये! पण त्यातले 3400 डॉलर त्याला तेथेच भाडे, खाणे, दवाखाना, मोटार यांवर खर्चावे लागतात. ते पैसे तेथल्या भावाने जाणार. त्यांत मिळणारी राहणी आपल्याकडच्या सुमारे सत्तर हजारांच्या राहणीएवढी. उरलेले 600 डॉलर तो घरी पाठवील, त्यांना मात्र बाजारदर लागेल: एकोणचाळीस हजार. म्हणजे खर्चायच्या पैशाला एक माप आणि पाठवायच्या पैशाला दुसरे. सगळ्या पगाराला पाठवणीचे माप लावले, म्हणजे वावर विकायची बुद्धी होते. एवढे करूनही बेरीज एक लाखाच्या वर जाते, ही काही थोडीथोडकी रक्कम नव्हे; ते मी लपविले नाही. शिवाय हे माप सरासरीचे. महाग भागात भाडे अधिक, आणि भाड्यानेच सगळे गणित बिघडते.

पैशाने न दिसणारे आणखी पुष्कळ असते. 2020 सालच्या नमुना नोंदणीनुसार भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 28 पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत. मध्य प्रदेशात 43, महाराष्ट्रात 16, केरळात 6. त्या सुमारास अमेरिकेचा आकडा पाचाच्या थोडा वर होता. केरळचे उत्पन्न अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाही, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र दोघे शेजारी आहेत! रेल्वेच्या खिडकीतून जाणाऱ्या कोणत्या प्रवाशाला हे कळेल? जिवंत राहिलेले मूल इतर मुलांत खेळत असते, ते ओळखू येत नाही.

रेल्वेवरून आपली शकुंतला आठवली. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, पुढे डिझेलवर, आणि नंतर बंद पडली. लांबून आलेले हौशी लोक तिच्यात बसून हरखून जात; काय ती मंद चाल, काय ती जुनी मौज! तिच्यातूनच दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणीला ती मंद चाल मौजेची वाटली असेल काय? आणि ती बंद पडल्यावर स्वस्त तिकिटाला मुकलेल्या मजुराला कोणी विचारले? गैरसोय हौसेने घेतली तर सहल होते, नाइलाजाने घेतली तर हाल.

तर मग बाहेरच्या माणसाला राहणी खरी कळतच नाही काय? कळते, पण त्याला बसावे लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे खेडे घेतले आणि आपल्या सहकाऱ्यांसह घराघराची जमीन, तिचे तुकडे, उत्पन्न, खर्च आणि कर्ज लिहून काढले. 1917 साली ते पुस्तक निघाले. तेथे आता उंच इमारती झाल्या आहेत. त्या पुस्तकातले गाव शोधून सापडायचे नाही. पुढे त्याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो माणशी रोजच्या 2250 कॅलरींवरून: 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. खेड्याला कमी आणि शहराला जास्त का, तर पोट तेच असले तरी भाव निराळे. न्हाव्याचीच गोष्ट पुन्हा, फक्त कामरगाव आणि पुणे यांच्यामधली. मॅनसाहेब परका होता, दांडेकर घरचे होते. दोघांनीही डोळ्यांवर भिस्त न ठेवता वही उघडली.

आमच्या त्या गृहस्थांनीही वही उघडली. मी आणि त्यांच्या थोरल्या मुलीने मिळून काही प्रश्न काढले आणि ते साडूच्या मुलाला पाठवले. खोलीत किती जण राहता? भाडे काय? आजारी पडलास तेव्हा दवाखान्यात काय खर्च आला, आणि पेज कोणी करून दिली? पहिली दोन वर्षे हातात किती उरले? मोटारीचे किती हप्ते बाकी आहेत? तिकडे जे कर्ज झाले ते फिटायला किती काळ लागला? 'तिकडे सुख आहे काय' हा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला नाही.

मुलगा सज्जन निघाला. त्याने रागावून न जाता लांब उत्तर लिहिले. पहिली तीन वर्षे चौघे एका बिऱ्हाडात होते. कर्ज फिटायला पाच वर्षे लागली. तापाने फणफणला तेव्हा शेजारच्या खोलीतल्या आंध्रातल्या मुलाने भात करून घातला. आता बरे चालले आहे, आणि हे सगळे पुन्हा करायची वेळ आली तरी मी येईनच, असेही त्याने लिहिले. शेवटी एक ओळ होती: भांड्याचे मशीन घरात आहे, पण विजेचे बिल वाढते म्हणून भांडी हातानेच घासतो.

ते पत्र गृहस्थांनी मला वाचून दाखवले. वावर अजून विकलेले नाही. तिथे सध्या नांगरटी चालली आहे. मुलगा पासपोर्टासाठी अर्ज करून बसला आहे, आणि दोन एकरांऐवजी एक एकर गहाण ठेवून भागेल काय, याचा हिशेब बापलेक ओट्यावर बसून करीत आहेत.